दोन शिट्ट्यांच्या आत

शेवटचं असं काही मोठं आम्ही केलं नाही. कुकर लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. बायको पुढच्या खोलीत तिच्या डब्यासमोर, म्हणजे कॉम्प्युटरसमोर, बसली होती, मी मागे स्वयंपाकघरात गॅसपाशी उभा होतो, आणि मधल्या दारातून आमचं बोलणं चालू होतं.

"लावू का?" तिने विचारलं.

"लाव."

तिकडे तिने बटन दाबलं, इकडे मी गॅस पेटवला.

"गॅस मोठा हाय का?"

"हाय वं."

"पूर्न मोठा?"

"आता काय घर पेटवू?"

पहिली शिट्टी झाली. "आजून चक्री फिरूनच राह्यली," ती म्हणाली. मी कुकरकडे असा पाहत होतो, जसा काही तो आता बोलणार आहे. दुसरी शिट्टी व्हायच्या आतच तिचा आवाज आला, "थांबली. कितवी?"

"दुसरी होयाची हाय."

"म्हन्जे दीड," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. सातवा दिवस, दीड शिट्टी.

मग कुकर उतरवून आम्ही वरणभात खाल्ला. सात दिवसांपासून तोच खात होतो. ती म्हणाली, "उद्या आठवा. उद्या बी दोनच्या आत थांबली तं ठेवू याले. नाई तं काढून टाकू."

"उद्या एखादी भाजी बी कर."

"परीक्षेत भाजी नसते," ती म्हणाली.

कोणाला यातलं काही समजलं नसेल तर त्याचा दोष नाही. मलाही समजायला वर्षं लागली. ती अँटिव्हायरस निवडत होती.

नागपुरात महाल भागातल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचं काम चालायचं. बाहेर पाटी होती, 'येथे सर्व फॉर्म भरून मिळतील'. म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, पोरींच्या स्कॉलरशिप, नरखेडकडून एसटीने येणाऱ्या तिच्या माहेरच्या लोकांचे सातबारे, सगळं ती एका कॉम्प्युटरवर करायची. तो एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला, दोन जीबी रॅमचा. रॅम म्हणजे त्याचं डोकं, असं तिने मला सांगितलं होतं. डोकं लहान होतं, पण त्यात अर्ध्या गल्लीचे कागद होते. कोणाचा जन्मदाखला हरवला, कोणाचं घर गळून रेशनकार्ड भिजलं, की लोक तिच्याकडे यायचे आणि ती एका मिनिटात काढून द्यायची. आम्हाला मूल नव्हतं. हा डबा होता. लोक त्यावरूनही बोलायचे, आणि त्याच लोकांचे दाखले त्याच डब्यात असायचे.

ती दहावी पास, मी सातवी नापास. गल्लीत तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि मला मॅडमचे ते. माझं काम मोटर वाइंडिंगचं. संत्र्याच्या बगीच्यातल्या जळलेल्या मोटरी यायच्या, मी त्यात नवीन तार भरून द्यायचो. हात थरथरायला लागले तेव्हा बंद केलं. घरी बसलो तेव्हाच मला कळलं की माझ्या बायकोला थोडं वेड आहे. आधी मी दिवसभर घरी नसायचो म्हणून वाचलो होतो.

अँटिव्हायरस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं फवारणीचं औषध असेल. ती म्हणाली, तसंच समजा. कॉम्प्युटरला बाहेरचा रोग लागतो, लागला की कागद जातात, म्हणून आत एक राखणदार बसवायचा. पण दोन जीबीच्या घरात राखणदारही बारीक पाहिजे. चांगले चांगले राखणदार असे असतात की ते आत शिरले की घरच्या माणसाला बसायला जागा उरत नाही. डबा सुरूच होत नाही, झाला तर फॉर्मवर बोट ठेवलं की अर्ध्या मिनिटाने अक्षर उमटतं.

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. मोटर घेताना ती रिकामी फिरवून बघायची. पाणी नाही, पंप नाही, नुसती फिरते, तेव्हा किती करंट खाते ते मोजायचं. बेअरिंग जाम असलेली मोटर सगळा करंट स्वतःला फिरवण्यातच खाते, बगीचा कोरडाच राहतो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "एवढी अक्कल होती तं लग्नाले तीस वर्सं झाल्यावर काहून सांगून राह्यले?"

त्या दिवसापासून तिने रोज सकाळी दुसरं काही न उघडता आतली यादी काढून पाहायची सुरुवात केली. कोणता राखणदार बसल्या बसल्या किती खातो, ती मला वाचून दाखवायची. मी तिला आयुष्यात दिलेल्या गोष्टींपैकी तिने न बदलता घेतलेली ही एकच. साड्या तर ती दुकानात जाऊन बदलून आणायची.

कुकरची परीक्षा मात्र तिची स्वतःची. नवीन अँटिव्हायरस घातला की आठ दिवस परीक्षा. रोज सकाळी कॉम्प्युटरचं बटन आणि गॅसचं बटन एकदम. कुकर तोच, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, पाणी आत खिळ्याने ओरखडलेल्या खुणेपर्यंत. कॉम्प्युटर नुसता सुरू होऊन चालायचं नाही. फॉर्मचं पान उघडून त्यावरची चक्री थांबली पाहिजे. काही न घालता डबा पहिल्या शिट्टीला तयार व्हायचा. राखणदार घातल्यावर दोन शिट्ट्यांच्या आत झाला तर पास. तिसरी शिट्टी झाली की त्याला त्याच दिवशी बाहेर.

मी म्हटलं, घड्याळ आहे ना घरात.

"घड्याळ पाहत बसली तं भात कोन लावन?"

एका कामात दोन कामं व्हायची हे खरं. पण एक अँटिव्हायरस नापास झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, आणि मी महिना महिना वरणभात खायचो. नागपुरात राहून, तर्रीचा वास गल्लीभर येत असताना.

पास झालेल्यांना आणि नापास झालेल्यांना ती नावं ठेवायची. कंपनीचं नाव तिने कधी घेतलं नाही. एक होती आत्याबाई. ती दर पाच मिनिटांनी कोपऱ्यातून डोकं काढून सांगायची की तुमचं रक्षण केलं, आज एवढं तपासलं, अजून पैसे भरले तर अजून तपासते. बायको म्हणाली, "एक माशी मारली तं गल्लीभर सांगत सुटते." आत्याबाईला दुसऱ्या दिवशी काढलं. मग एक मुका आला. तो काहीच बोलायचा नाही. खायचा चिमूटभर, आणि कोणी घाणेरडा पेनड्राइव्ह लावला की गपकन पकडायचा. मुक्यावर तिचं फार प्रेम होतं. माझं नाव न घेता ती मला त्याचे दाखले द्यायची.

पेनड्राइव्हची तर तिने गल्लीला दहशत घातली होती. कोणीही आला, कसाही घाईत असला, आधी पेनड्राइव्ह तपासायचा. "पाय धुऊन या," म्हणायची. भजनी मंडळाचे अध्यक्ष एकदा आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध. कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती. हिने पेनड्राइव्ह लावला आणि मुक्याने एकामागून एक घाण काढायला सुरुवात केली.

अध्यक्ष म्हणाले, "यात फक्त भजनं हाय, मॅडम. देवाचं काम हाय."

"देवाले सांगा, पुढच्या टाइमले झटकून पाठवजो," ती म्हणाली. "मसनघाटावरच्या लोकायचे पेनड्राइव्ह याहून साफ असते."

ते पुन्हा आले नाहीत असं वाटेल. आले. बाहेरच्या पायरीवर उभं राहून, चप्पल काढून, पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून दोन हातांनी द्यायला लागले.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची नव्हती, पण ती न सांगता हिचं चित्र पुरं होत नाही.

मुका यायच्या आधीचे दिवस. तीन-चार नापास झाले होते, मी वरणभाताला कंटाळलो होतो. सीताबर्डीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि विचारलं, सगळ्यात चांगला कोणता. दुकानदाराने एक डबी दाखवली. म्हणाला, काका, यात सगळं आहे, असं काही नाही जे यात नाही. माझं डोकं मोटरीचं. जेवढं जास्त तांबं तेवढी चांगली मोटर. मी डबी घेतली, पिशवीत न घालता हातात धरून गल्लीतून आलो, सगळ्यांना दिसावी म्हणून.

तिने लगेच डबी उघडली. घातला. पहिल्या दिवशी तीन शिट्ट्या झाल्या.

मी दारातून पाहिलं. ती वही उघडून बसली होती आणि लिहीत नव्हती. म्हणाली, "पहिला दिवस हाय, नवीन जागा हाय. आज नाई धरत."

नियम तिने मोडला, माझ्यासाठी. त्याने मला जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी गॅस पेटवला आणि माझा हात बटनाकडे गेला. थोडा बारीक केला. फार नाही. शिट्टी उशिरा आली. तिकडे चक्री थांबली तेव्हा दोनच झाल्या होत्या. "कितवी?" तिने विचारलं. "दुसरी," मी म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

आठ दिवस मी हेच केलं. तो पास झाला. तिने त्याचं नाव जावई ठेवलं. "आल्या आल्या पंगत पायजे, अन् उठाचं नाव नाई," असं म्हणाली, पण ठेवला.

दोन महिन्यांनी स्कॉलरशिपच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. कामठीहून एक बाई शेअर ऑटोने पोरीला घेऊन आली होती. नवऱ्याचे कापडाचे लूम बंद पडलेले, पोरगी कॉलेजात पहिली आलेली. स्कॉलरशिप मिळाली नाही तर कॉलेज सुटणार, आणि संध्याकाळी फॉर्म बंद होणार. हिने अर्धा फॉर्म भरला आणि जावयाला त्याच वेळी सगळं घर तपासायची हुक्की आली. डबा जागच्या जागी थिजला. फोटो चढेना, पान हलेना. पोरीची आई माझ्याकडे पाहत होती, जसं काही मी कॉम्प्युटरचा मालक आहे. पोरगी पदराआड रडत होती, पदर आईचा.

"तुमी भ्याऊ नोका," माझी बायको म्हणाली. "माझ्या घरात एक खादाड शिरला हाय. त्याले हाकलतो, मंग तुमचंच काम."

तिने जावयाला काढायला घेतलं. तो जाताना विचारतो, खरंच काढायचं का. हो. नक्की का. हो. काहून काढता, कारण लिहा. तिने दात ओठ खात लिहिलं, 'खादाड'. मग डबा बंद केला, परत सुरू केला. मी मागे गेलो, काही सुचत नव्हतं म्हणून चहाचं पाणी ठेवलं, आणि गॅसच्या बटनाकडे पाहत उभा राहिलो. फॉर्म गेला. वेळ संपायला थोडाच अवकाश होता. पोरीने हिच्या पाया पडायचा प्रयत्न केला तर हिने तिला दटावलं, "माझ्या नोको, पावती सांभाळ."

दुसऱ्या दिवशी नवीन परीक्षा सुरू झाली. तो मुका होता. मी गॅस पेटवला आणि पुढच्या खोलीतून पहिल्यांदा आवाज आला.

"गॅस मोठा हाय का?"

त्यानंतर तिने एक दिवस सोडला नाही. परीक्षा असो नसो, कुकर लावला की तो प्रश्न. मी रोज सांगायचो, हाय. तिला कळलं होतं की नुसती सवय लागली होती, मला आजही माहीत नाही. मला विचारता आलं असतं. सांगताही आलं असतं की बाई, त्या आठ दिवसांत मी असं असं केलं. रोज वाटायचं, आज सांगतो, आणि रोज मी नुसतं 'हाय' म्हणायचो. खोटं बोललो नाही. त्यानंतर गॅस खरंच मोठा असायचा.

मुका सहा वर्षं राहिला. मग त्याच्या कंपनीचा निरोप आला की तुमची सिस्टीम फार जुनी झाली, आता आम्ही हिच्यासाठी काही करणार नाही. ती दिवसभर जेवली नाही. मग सीताबर्डीच्या त्याच दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार आता टकला झाला होता. हिने डब्याची हकीकत सांगितली तर हसला.

"मावशी, तुमच्या मशीनले अँटिव्हायरस नाई, हार पाहिजे आता."

"तुमचं दुकान बी जुनंच हाय," ती म्हणाली. "तुमाले घालू का?"

शेवटी तिनेच घरी बसून एक शोधला. हलका, फुकटचा, जुन्या सिस्टीमवर अजून चालणारा. बसल्या बसल्या मुक्यापेक्षाही कमी खात होता. तोच सात दिवसांपासून परीक्षेला बसला होता. त्याला नाव नव्हतं. पास झाल्यावर ठेवणार होती. तोपर्यंत तिने पेनड्राइव्ह घेणं बंद केलं होतं आणि दारावर कागद लावला होता, 'राखणदाराची परीक्षा चालू आहे, आठ दिवसांनी यावे'. लोकांना काही समजलं नाही, पण कोणी विचारलंही नाही.

त्या सातव्या दिवशी वरणभात खाऊन ती म्हणाली, "मी जराशी आडवी होतो." चारला मी चहा केला, दोन कप. हाक मारली. पुन्हा मारली. गल्लीच्या तोंडावरचे डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली आणि माझ्याकडे न पाहता खाली पाहिलं. त्यांचाही दाखला त्याच डब्यात होता. रात्री आम्ही घाटावरून परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सुतकात घरात गॅस पेटवत नाहीत. शेजारून पिठलं-भाकर आली होती. कामठीची माझी मोठी बहीण बायकांमध्ये बसली होती. नरखेडहून साळा आला होता, तो पुढच्या खोलीत उभा राहून डब्याकडे पाहत होता.

"भाऊजी, हे आता कायले ठेवता? जाताना भंगारवाल्याकडे टाकून देतो."

"त्यात तुझा सातबारा हाय," मी म्हटलं.

तो बाजूला सरकला.

साडेनऊ झाले होते. मी उठलो, मागे गेलो. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, खुणेपर्यंत पाणी. कुकरचं झाकण लागलेलं ऐकून बहीण आत आली.

"काय करून राह्यला गा? सुतक हाय घरात."

"आठवा दिवस हाय."

"आठवा? काल गेली थे. दहावा असते, तेरावा असते. आठवा कोनाचा असते?"

"हिचा असते. तू समोर जा. थे गोल बटन हाय डब्याचं. मी लाव म्हनलं का दाब."

"मले झटका लागला तं?"

"नाई लागत. अन् खुर्चीवर बसू नोको. उभी राहून दाब."

ती पदर डोळ्याला लावून गेली. भावाचं डोकं फिरलं, असं ती बाहेरच्या बायकांना सांगत होती, ते मला ऐकू आलं. पण गेली.

"लाव," मी म्हटलं.

तिने बटन दाबलं, मी गॅस पेटवला आणि पूर्ण मोठा केला. मग उभा राहिलो. कोणी काही विचारलं नाही. घरात एवढी माणसं होती.

"हाय," मी म्हणालो. "मोठा हाय."

"काय मोठा हाय?" बहिणीने समोरून विचारलं.

"गॅस."

"मी कोठी इचारलं?"

"नाई इचारलं."

पहिली शिट्टी झाली. बाहेर बसलेल्या बायका दारात आल्या. मी बहिणीला सांगितलं, पानावर गोल काहीतरी फिरत असेल, ते थांबलं की सांग. ती रडत रडत पाहत होती. साळाही तिच्यामागे जाऊन उभा राहिला. कुकरमध्ये वाफ धरत होती, वजन हलायला लागलं होतं.

"थांबलं गा," बहीण म्हणाली.

दुसरी शिट्टी त्यानंतर झाली. मी ती होऊ दिली, मग गॅस बंद केला.

पुढच्या खोलीत गेलो. वही तिच्या जागी होती, पेन आत. सात ओळी तिच्या अक्षरात. वर नावाची जागा रिकामी. ती मी रिकामीच सोडली, नाव ठेवणं माझं काम नव्हतं. पेन उघडलं. माझं अक्षर मोठं येतं, दोन ओळींची जागा गेली.

आठवा दिवस. दीड शिट्टी. पास. या वेळेस गॅस पूर्ण मोठा होता, आठही दिवस.